पाटाच्या कडेची वाट

अण्णांनी टेम्पो सोडला त्या वर्षी आमच्या घरातले आवाज बदलले. त्याआधी घर त्यांच्या येण्याजाण्यावर चालायचं. मंचरच्या एका शेठचा टेम्पो ते चालवत. बटाटा, कांदा, टोमॅटो, ज्याचा हंगाम असेल तो माल भरून संध्याकाळी मुंबईच्या मार्केटला निघायचे आणि उजाडता उजाडता परत यायचे. वाडीच्या चढावर गिअर बदलल्याचा आवाज आला की आई उठायची. अंगणात इंजिन बंद करण्याआधी अण्णा ते एकदा जोरात रेझ करत, मग दार आपटे, मग रांजणात तांब्या बुडल्याचा आवाज येई. मी गोधडीत डोळे मिटून हे सगळं ऐकायची आणि पुन्हा झोपायची. आईची परात तोवर वाजायला लागलेली असायची. बाजरीच्या भाकरीचा वास आणि अण्णांच्या अंगाचा डिझेलचा वास एकत्र आला की माझी सकाळ झाली. टेम्पो गेला आणि घर इतकं शांत झालं की चुलीतलं लाकूड फुटलं तरी आई दचके.

झालं होतं असं. थंडीचे दिवस होते, मी नववीत होते. मुंबईहून परत येताना, अगदी घराजवळ आल्यावर, हायवेला अण्णांच्या टेम्पोखाली एक सायकलवाला आला. किसन नाव होतं त्याचं. सायकलच्या दोन्ही अंगाला कॅन अडकवून तो डेअरीला दूध घालायला निघाला होता. धुकं दाट होतं. अण्णा पळून गेले नाहीत. तिथंच थांबले, जीप थांबवली, त्याला दवाखान्यात नेलं, पण तो वाटेतच गेला. दुपारी दोन पोलीस अण्णांना घेऊन आमच्या दारात आले ते लायसन न्यायला. आईनं त्यांना चहा ठेवला. चहा कुणीच प्यायला नाही आणि त्या चार कपांवर साय धरेपर्यंत ते तसेच ओट्यावर राहिले. जामीन झाला, केस उभी राहिली, तारखा पडायला लागल्या. शेठ स्वतः घरी येऊन म्हणाले, "बबनराव, झालं ते झालं. धुक्यापुढं माणूस काय करणार? पुढच्या आठवड्यापासून या गाडीवर." शेठ राजस्थानाकडचे, पण चार पिढ्या मंचरात गेलेल्या. बोलणं आमच्यासारखंच आणि मनानंही बरे. अण्णांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "न्हाई जमायचं शेठ." त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीचं स्टेअरिंग धरलं नाही.

शेती होती दोन एकर. अण्णा तिच्यात राबू लागले, पण ते काम करताना आम्हाला परके वाटत. इतकी वर्षं ते दिवसा झोपलेले असायचे. आता दिवसभर डोळ्यांसमोर होते आणि तरी घरात नव्हते. जेवताना आई काहीतरी विचारायची, ते "हां" म्हणायचे, आणि प्रश्न तसाच ताटाशेजारी पडून राहायचा. मला शाळेत "बबन ड्रायव्हरची पोरगी" म्हणत असत. पूर्वीही म्हणत. आता म्हणण्याआधी थोडं थांबत.

दहावीला मला चांगले मार्क पडले. अकरावीला मंचरला जायचं ठरलं आणि घरात पहिल्यांदा भांडण झालं. आमच्या वाडीपासून मंचर हायवेनं सहा किलोमीटर. फाट्यावर जायचं, एसटीला हात करायचा, एवढं सोपं. पण अण्णा म्हणाले, "फाट्यावर हुबं ऱ्हायचं न्हाई. हायवेवर पाय टाकायचा न्हाई." आई म्हणाली, मग पोरीनं उडत जायचं का? आत्या आली होती, तिनं लगेच अवसरीकडचं एक स्थळ काढलं. मुलगा चांगला, घरची बागाईत. त्या दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझं शिक्षण त्या तिघांच्या मधोमध एखाद्या वस्तूसारखं पडलेलं मला दिसत होतं. अण्णा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच जुनी सायकल काढून जाऊ लागले. जेवायच्या वेळेला यायचे, पायजम्याला कुसळं, चपलांना चिखल. काय करताय म्हणून विचारलं तर सांगत नसत. आठवडाभरानं त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "सापडली वाट." ते त्या वाटेवर निरनिराळ्या ठिकाणी तासन् तास बसून आले होते. गाड्या मोजत. "सकाळच्या पाळीला एक ट्रॅक्टर आन दोन बैलगाड्या. दुपारी एक फटफटी. बाकी काय न्हाई. लांब पडती, पण गाडी न्हाई." लांब म्हणजे सहाचे जवळजवळ अकरा किलोमीटर होत होते. आठवड्यानं शेठच्या ओळखीनं एक जुनी लेडीज सायकल आली. अण्णांनी स्वतः तिचं चाक खोलून, ग्रीस भरून, तारा आवळून दिल्या.

आता पुण्याहून रविवारी सायकलवाले येतात. हेल्मेट, गॉगल, अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे, आणि एका हातानं उचलता येईल अशी सायकल. मागच्या हिवाळ्यात त्यांतले तिघे माझ्या दारात पाणी प्यायला थांबले आणि म्हणाले, "मॅडम, इथं ट्रॅफिक नसलेला एखादा शांत रस्ता आहे का?" मी त्यांना सांगितला. सांगताना मला वळणं आठवावी लागली नाहीत. माझे पाय अजून ती वाट जाणतात. ते "थँक्यू" म्हणून गेले आणि मी बराच वेळ फाटकाशी उभी राहिले. शांत रस्ता त्यांना सुट्टीसाठी हवा होता. अण्णांनी तो कशासाठी शोधला होता हे त्यांना दारात उभ्या उभ्या काय सांगणार?

कॉलेजच्या पहिल्या दिवशी अण्णा पुढं आणि मी मागं. वाडीच्या मागच्या ओढ्यातून सायकल उचलून न्यायची, मग बाभळीच्या रांगेतून पाटावर चढायचं. पाट म्हणजे आमच्याकडचा धरणाचा कालवा. त्याच्या भरावावर एक कच्चा रस्ता होता, पाटकऱ्यांच्या येण्याजाण्यापुरता. पाटाला आवर्तन सुटलेलं असलं, धरणाचं पाणी आलं की उजव्या हाताला सगळा वेळ पाणी सोबत चालायचं. नसलं की तळाच्या चिखलात बगळे उभे असायचे. डावीकडे ऊस, मग कांद्याचे वाफे, मग पुन्हा ऊस. चेनचा आवाज सोडला तर कुठं काही नाही. चार किलोमीटर असं गेल्यावर पाट वळायचा आणि आपण गावरस्त्याला लागायचं. पण पाट आणि गावरस्ता यांच्या मधे एक शेत होतं. त्याच्या बांधावरून शंभरेक पावलं चालत जावं लागे. बांधाच्या टोकाला एक पत्र्याचं घर, एक गोठा, दारात कडुनिंब. तिथं आल्यावर अण्णा सायकलवरून उतरले, तेव्हा घराला बाहेरून कडी होती. त्यांनी मान खाली घातली आणि भराभर सायकल ढकलत नेली. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "हितं थांबायचं न्हाई. घंटी वाजवायची न्हाई. गपगुमान निघायचं." मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "लोकाच्या शेतातनं जातोय आपण." मला ते पटलं.

पावसाळ्यात त्या वाटेनं माझे हाल केले. काळी माती चाकाला धरायची, मडगार्डमध्ये घट्ट बसायची, आणि चाक फिरायचंच थांबायचं. मी कॅरिअरला एक काटकी बांधून ठेवली होती, दर थोड्या वेळानं उतरून चिखल खरवडायचा. कॉलेजात पोचायचे तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत लडबडलेली. पोरी नाक मुरडत. तरी मला ती वाट आवडायला लागली होती. घरातल्या गप्पपणापेक्षा तिथला गप्पपणा हलका होता.

श्रावण संपता संपता एका सकाळी नेमकी त्या बांधाच्या टोकाशी माझी चेन उतरली आणि फ्रीव्हीलच्या फटीत अडकून बसली. मी चिखलात उकिडवी बसून ओढत होते. गोठ्यातून एक बाई आली. पस्तिशीची असेल, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हाताला शेण. "थांब बाय, बोट जाईल," ती म्हणाली. तिनं खुरप्याचं टोक घालून चेन उपसली, मला हात धुवायला पाणी दिलं आणि प्यायला ताकाचं भांडं. हौसा नाव. माहेर तळेघर, डोंगरातलं. "आमच्या तिकडं येष्टीच दिसाची एकदा. सायकल तर मी लग्न झाल्यावर बघितली," म्हणत ती हसली. मी ताक पीत होते आणि माझी नजर गोठ्याच्या भिंतीकडे गेली. तिथं एक जेंट्स सायकल टेकवलेली होती. पुढच्या चाकाचा चिमटा वाकवून सरळ केल्यासारखा, हॅन्डल एका बाजूला कललेलं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मालकाची हाय. हायवेला टेम्पोनं उडवलं त्यास्नी. सायकल दिली पोलिसांनी परत."

मी भांडं खाली ठेवलं. "तू कुणाची गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "लोणीकडची. मामाकडं राहते." किती सहज आलं ते तोंडातून! त्याआधी मी मोठं असं खोटं कधी बोलले नव्हते. आणि त्या दिवशी घरी जाऊन अण्णांना मी हे सांगितलं नाही. ते घर किसनचं आहे हे त्यांना ठाऊक आहे, हे मला कळून चुकलं होतं. माझं शिक्षण चालू राहावं म्हणून त्यांनी मला ज्या दारावरून पाठवलं होतं, त्या दाराकडे त्यांना स्वतःला बघवत नव्हतं. ते सांगत नव्हते, मीही सांगितलं नाही. आमच्या घरात आता दोन न बोललेल्या गोष्टी झाल्या.

मी दुसरी वाट धरायला हवी होती असं मला आज वाटतं का? दुसरी वाट नव्हती. पण न थांबता जाता आलं असतं. मी थांबू लागले, हे माझं. हौसामावशीला मूलबाळ नव्हतं. दीर शेजारच्या वस्तीवर, पण बोलणं तुटलेलं. दोन म्हशी. दूध डोक्यावर घेऊन ती चालत डेअरीला जायची, अडीच किलोमीटर, आणि डेअरीचं माप ठरल्या वेळेला बंद व्हायचं. पोचायला उशीर झाला की दूध परत. तिचे गुडघे दुखायचे. मी सकाळी यायची तेव्हा ती परत आलेली असायची, पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत. एकदा तिनं मला शेंगोळी खायला लावली. हुलग्याच्या पिठाची, लसणाचा ठसका लागणारी, वर कच्चं तेल. आईच्या हातची शेंगोळी मी शेकडो वेळा खाल्ली आहे. त्या दिवशीची खाताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं तिखटावर घातलं आणि गुळाचा खडा दिला.

मग एक दिवस ती म्हणाली, "मला शिकवशील का गं सायकल? दोन कॅन लावलं की डोकं मोकळं व्हईल माझं."

मी माझी सायकल पुढं केली. ती म्हणाली, "तुझी नको. तुझी मोडली तर मामा बोलंल. मालकाची हाय की."

ऑक्टोबरपासून आम्ही सुरुवात केली. कॉलेज सुटल्यावर, ऊन कलताना, पाटाच्या भरावावर. तिथं बघायला कुणी नव्हतं, म्हणून तर ती तयार झाली. नवरा गेलेली बाई सायकलवर चढली तर गाव काय म्हणेल ते तिला माहीत होतं. मी कॅरिअर धरून मागं पळायची. ती सायकल सारखी उजवीकडे ओढायची. पुढचा चिमटा कितीही सरळ केलेला असला तरी त्यात वाक राहिला होता. हौसामावशीला वाटायचं आपलंच चुकतंय. "हात वळतोय माझा," ती म्हणायची. मला ठाऊक होतं हात वळत नाही. ते कॅरिअर माझ्या मुठीत असताना, ज्या धक्क्यानं ती सायकल वाकली तो माझ्या तळहातात उतरतोय असं मला वाटायचं, आणि तरी मी ओरडत असायची, "समोर बघ मावशी, चाकाकडं नको, समोर बघ!" ती पडली, गुडघे फुटले, एकदा पाटाच्या चिखलात गेली, आणि तिथंच बसून इतकी हसली की मलाही हसू फुटलं. हसता हसता मी एकदम थांबले. ती म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही."

घरी मला उशीर होत होता. आई विचारायची. मी प्रॅक्टिकल सांगायची. अण्णा माझ्याकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

दिवाळीनंतर ती चालवू लागली. आधी रिकामी, मग पाण्यानं भरलेले कॅन लावून. तोल आला, पण बसताना आणि उतरताना अजून घाबरायची. एका शनिवारी तिनं ठरवलं, उद्या सायकलवर दूध न्यायचं. "तू चल संगं. पयल्या दिशी माझं पाय थरथरत्याल." डेअरी हायवेच्या पलीकडे होती. हायवेवर पाय टाकायचा नाही, एवढी एक गोष्ट मला अण्णांनी शपथेवर सांगितलेली होती. मी नको म्हणायला हवं होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिला नको म्हणायची मला सोयच उरली नव्हती.

रविवारी मी घरी जादा तास सांगून निघाले. ती पुढं, मी मागं. मंचरकडं न वळता सरळ गेलो, गावरस्ता संपला आणि हायवे आला. पहिल्यांदा मी तो इतक्या जवळून, सायकल हातात धरून बघत होते. ट्रक गेला की अंगावर वाऱ्याची भिंत येई. आम्ही दोघी उतरलो, बराच वेळ थांबलो, आणि धावत पलीकडे गेलो. हौसामावशीचा चेहरा घामानं भिजला होता, पण त्या दिवशीइतका उजळलेला मी तो कधी पाहिला नाही. डेअरीच्या ओट्यावर सात-आठ माणसं रांगेत होती. तिला सायकलवर बघून कुणी हसलं, कुणी म्हणालं, "हौसाबाय, लई भारी की!" माप घेणारा माणूस आमच्या वाडीशेजारचा निघाला. त्यानं तिच्या दुधाची नोंद केली, मग माझ्याकडे बघितलं.

"आगं, तू बबन ड्रायव्हरची न्हवं का?" तो म्हणाला. "तू हिच्यासंगं कशी?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. हौसामावशी कॅन विसळत होती, ती विसळतच राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "लोणीची ना तू?" तिनं विचारलं. तिनं कॅन सायकलला अडकवले आणि सायकलवर न बसता ती हातानं ढकलत नेली. मी मागून हाका मारल्या. हायवे ओलांडताना ती थांबली नाही, आजूबाजूला बघितलंही नाही. एका जीपनं कचकन ब्रेक मारला. मी किंचाळले. ती चालत राहिली.

सोमवारी मी पाटावरून वळणाशी आले तर बांधाच्या तोंडाला काट्या लावल्या होत्या. बाभळीच्या ओल्या फांद्या, एकावर एक, छातीइतक्या. एकट्या बाईनं रविवारची सगळी दुपार त्या तोडायला आणि ओढून आणायला घालवली असणार. गोठ्यात म्हैस हंबरली. मी "मावशी" म्हणून हाक मारली. एकदाच. मग सायकल वळवली.

अण्णा कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते. मी बांधावर उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. चेन उतरली तिथपासून लोणीपर्यंत आणि काट्यांपर्यंत. ते फावड्यावर हात ठेवून ऐकत होते. वाफा भरून पाणी पुढच्यात फुटलं तरी त्यांनी माती ओढून पाण्याचं बारं मोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "सायकल सरळ चालती का तिची?" मी म्हणाले, उजवीकडं ओढते. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईला मी काही सांगितलं नाही, पण तिनंही ताट झाकून ठेवलं आणि विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी, रोजच्यापेक्षा बऱ्याच लवकर, ते माझ्यासोबत निघाले. काट्यांपाशी आल्यावर सायकल लावली, टोपी काढून हातात घेतली आणि अलीकडेच उभे राहिले.

"ताई," त्यांनी हाक मारली. आवाज फुटला नाही. त्यांनी पुन्हा मारली. "ताई!"

ती गोठ्यातून आली. धारा काढत होती, हाताला दुधाचा फेस होता. काट्यांच्या पलीकडे, दहा पावलांवर थांबली.

"मी बबन. टेम्पोवाला."

"ठावं हाय. कोर्टात बघितलंय तुमाला."

"पोरीची चूक न्हाई. वाट मी दावली तिला. दुसरी घावली असती तर तुमच्या दारावरनं धाडली नसती." अण्णा थांबले. "मीच यायला पायजे व्हतं. आदीच."

हाताचा फेस तिनं लुगड्याला पुसला. मग म्हणाली, "धुकं व्हतं म्हणत्यात."

"व्हतं," अण्णा म्हणाले. मला वाटलं एवढंच. पण ते टोपी चुरगळत होते. "नुसतं धुकं न्हाई ताई. डोळा लागला व्हता माझा. उगी येवढासा. उघाडला तवा मालक म्होरंच व्हतं. वकील म्हणला हे कुटं बोलायचं न्हाई. घरी बी बोललो न्हाई."

मी अण्णांकडे बघितलं. दोन वर्षं ते आमच्याशी का बोलत नव्हते, ते मला त्या क्षणी समजलं, आणि ज्या माणसाच्या गिअरच्या आवाजावर मी निर्धास्त झोपायची, त्याची मला भीती वाटली. हे लिहिणं सोपं नाही. पण वाटली.

हौसामावशी बांधावर खाली बसली. बराच वेळ ती मातीकडे बघत होती. मला वाटत होतं ती ओरडेल, शिव्या देईल, ढेकूळ उचलून मारेल. तिनं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मालक काय बोललं का? तुमी व्हता ना जवळ. मला कुणी सांगितलंच न्हाई."

"बोललं," अण्णा म्हणाले. "माझ्या मांडीवर डोकं व्हतं. पारडं, म्हणलं. पारडं बांधायचं ऱ्हायलं, समदं दूध पिऊन टाकंल. दोनदा म्हणलं. मग न्हाई बोललं."

"बांधलं व्हतं," ती एकदम म्हणाली. "ते गेल्यावर मी बांधलं व्हतं की." आणि मग, आमच्याशी नव्हे, "मी बांधलं व्हतं ओ."

तिथं ती रडली. आम्ही काट्यांच्या अलीकडे उभे होतो आणि तिच्याजवळ जायचा आम्हाला हक्क नव्हता. पाटाला त्या दिवशी पाणी होतं. त्याचा आवाज तेवढा येत होता.

पुढचं थोडक्यात सांगते. अण्णांनी जे तिला सांगितलं तेच पुढच्या तारखेला कोर्टात सांगितलं. वकिलानं कपाळाला हात लावला, आईनं अबोला धरला, आणि अण्णा शिक्षा भोगून आले. ते नव्हते तेव्हा आम्ही कसे राहिलो ते वेगळं. हौसामावशी माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी कधी बोलली नाही. दारात दिसली तर मान हलवायची, बस. मी बारावी होईपर्यंत त्याच बांधावरून गेले. पुढं मी शिक्षिका झाले, तिच्या दारात पेढे घेऊन गेले, तेव्हा तिनं पेढा घेतला आणि घरात जाऊन देवापुढं ठेवला. माझं खोटं तिनं माफ केलं की नाही हे तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या सकाळी मात्र ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि काट्यांना हात घातला. अण्णा मदतीला पुढं झाले. "तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. एकेक फांदी ओढून तिनं एक सायकल जाईल एवढीच जागा केली आणि मला म्हणाली, "जा. कॉलेजाला उशीर व्हईल." मग गोठ्यात गेली. दोन कॅन अडकवून सायकल बाहेर काढली, काष्टा आवळला, एक पाय पायडलवर ठेवून दोनतीन उड्या मारल्या आणि बसली. डेअरीचं माप बंद व्हायची वेळ झाली होती. गावरस्त्याला उतार होता. सायकल उजवीकडे ओढत होती आणि मावशी तिला सरळ ठेवत होती. उताराच्या तळाशी वळणावर समोरून बैलगाडी आली. हौसामावशी गाडीला अगदी चिकटून कशीबशी थांबली, पाय टेकले, आणि गाडी गेल्यावर पुन्हा निघाली.

अण्णा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग टोपी डोक्यावर घालून म्हणाले, "ब्रेक लई उशिरा दाबती ती. उद्या सांग तिला."

मी सांगितलं.